व्हिक्टोरिया क्रॉस आणि सैनिक नसलेले वीर

प्रश्न : व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे लष्करी पदक असताना ते मुलकी नोकरांना कसे मिळाले?

उत्तर : 29 जानेवारी 1856 च्या मूळ राजाज्ञेत केवळ सैन्य व नौदलाचा विचार होता. 1857 च्या उठावात मात्र कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांनीही शस्त्रे हाती घेतली, म्हणून 13 डिसेंबर 1858 रोजी अशा स्वयंसेवकांसाठी नियम वाढवण्यात आला. तरीही हे पदक मिळालेले सैनिकेतर पाचच आहेत. त्यांपैकी चौघे 1857-58 चे आणि पाचवे जेम्स ॲडम्स हे धर्मोपदेशक, ज्यांनी डिसेंबर 1879 मध्ये काबूलजवळ घोड्यांखाली अडकलेल्या स्वारांना शत्रू अगदी जवळ आला असताना बाहेर काढले.

प्रश्न : त्या चौघांपैकी एक, थॉमस कॅव्हनॉ यांनी लखनौत नेमके काय केले?

उत्तर : नोव्हेंबर 1857 मध्ये लखनौची रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या निवासाचा परिसर, वेढ्यात होती आणि सुटकेसाठी आलेल्या कॉलिन कॅम्पबेल यांच्या फौजेला शहरातील वाटांची माहिती असणारा माणूस हवा होता. मूळचे आयर्लंडचे असलेले, उंच आणि गोऱ्या वर्णाचे कॅव्हनॉ यांनी तोंडाला व हातांना काळे फासले, हिंदी पोशाख चढवला आणि 9 नोव्हेंबरच्या रात्री गोमती ओलांडून, पहारे चुकवत, त्यांनी कॅम्पबेल यांची छावणी गाठली. पुढे ते त्या फौजेचे वाटाड्ये झाले.

प्रश्न : ते एकटेच गेले होते का?

उत्तर : नाही, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल मी वाचकांचा मनापासून आभारी आहे. त्यांच्यासोबत कनौजीलाल हा हेर होता. तो आधीच बाहेरून निरोप घेऊन रेसिडेन्सीत शिरला होता, म्हणजे जिवावरचे हे काम त्याने त्याआधीही पार पाडले होते. दोघे असले की पकडले जाण्याचा धोका वाढतो म्हणून कॅव्हनॉ यांना सोबत न्यायला तो प्रथम तयारच नव्हता, हे स्वतः कॅव्हनॉ यांनीच लिहून ठेवले आहे. पदकाचा मान मात्र एकालाच मिळाला. 1857 च्या लढ्याकडे आपण आज स्वातंत्र्ययुद्ध म्हणून पाहतो आणि कनौजीलाल इंग्रजांच्या बाजूने होता, हे विसरून चालणार नाही. पण धैर्याचे मोजमाप करायचे असेल तर वाट तीच होती, रात्र तीच होती आणि सापडल्यास मरणही तेच होते. हिंदी सैनिकांनासुद्धा हे पदक 1911 पर्यंत खुले नव्हते. पहिले मानकरी खुदादाद खान ठरले, तेही 1914 मध्ये.