सगळेच शिकाऊ असतील, तर एकमेकांच्या फोटोंवर बोलणार काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसातल्या आठ जणांनी दर आठवड्याला एक विषय घ्यायचा, प्रत्येकाने त्यावर फोटो काढायचा आणि रविवारी एकमेकांच्या फोटोंवर मत द्यायचं, असं ठरतंय. तुमच्याकडे फक्त मोबाईल आहे. आणि शंका ही, की सगळेच शिकाऊ, मग कोण कोणाला काय सांगणार?

भाग घ्या. आम्ही कोल्हापुरात नऊ जण तीन वर्षं हेच करतोय, आणि नवातल्या पाच जणांकडे मोबाईलच आहे. तुमची शंका मलाही होती. ती ज्या फोटोमुळे गेली, त्याचीच गोष्ट आधी सांगते.

त्या आठवड्याचा विषय होता 'हात'. मी सुभाषनगरात एका चपला बनवणाऱ्या घरी गेले. तिथल्या मावशी कोल्हापुरी चपलेसाठी चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत होत्या. खोली अंधारी, उघड्या दारातून येणारा उजेड थेट हातांवर पडलेला, शेजारी चामडं टोचायची आरी आणि कापायची रापी. यापेक्षा चांगला उजेड मागूनही मिळाला नसता. मी म्हटलं, "मावशी, जरा असंच धरा." त्यांनी धरलं, मी सात-आठ फोटो काढले आणि त्यातला एक पाठवला.

रविवारी बहुतेकांना तो आवडला. उजेडाबद्दल, हातावरच्या सुरकुत्यांबद्दल बोलून झालं. मग एक मुलगी बोलली. आमच्यात येऊन तिला जेमतेम सहा आठवडे झाले होते. तिच्या मामांचं चप्पल लाइनमध्ये दुकान आहे, लहानपणापासून ती हे काम बघत आलीय. ती म्हणाली, "ताई, यांनी काम थांबवलंय. वेणी घालताना वादी ताणलेली असते. इथे सैल पडलीय."

तिला शटर स्पीड, म्हणजे फोटो काढताना कॅमेरा किती वेळ उजेड आत घेतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. पण फोटोतली एकच खोटी गोष्ट तिने नेमकी पकडली. एकदा ऐकल्यावर मलाही त्या फोटोत सैल वादीशिवाय दुसरं काही दिसेना. बुधवारी मी पुन्हा गेले, तासभर नुसती बसले, मावशींशी त्यांच्या नातवाबद्दल बोलले. मी बसलेय हे त्या विसरून गेल्या तेव्हा फोटो काढला. त्यात उजेड पहिल्याइतका चांगला नाही, त्या दारापासून थोड्या सरकल्या होत्या. पण वादी ताठ आहे, आणि ओढताना अंगठ्याचं नख पांढरं पडलंय. तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. त्याची एक प्रत मावशींना नेऊन दिली, त्यांच्याही घरात तो लावलाय.

तेव्हा शिकाऊ असतो ते आपण कॅमेऱ्याच्या बाबतीत. आयुष्यात प्रत्येकजण कशात ना कशात मुरलेला असतो, आणि फोटो बघताना ते मुरलेपण कामाला येतं. आमच्यातले एक बांधकामाचे ठेकेदार आहेत. ते पहिल्याच बैठकीत माझ्या वाड्याच्या फोटोकडे बघून म्हणाले, "भिंत ओळंब्यात नाही," म्हणजे सरळ उभी नाही. मोबाईल वर तिरका केला की उभ्या रेषा मागे कलतात, हे मी वाचलं होतं, पण माझ्याच फोटोत ते मला दिसलं नव्हतं. एक नर्स आहे, तिला माणूस अवघडून उभा आहे की सहज, हे आधी कळतं. तुमच्या ऑफिसातल्या आठ जणांतही असं काही ना काही नक्की असणार.

ही पद्धतही काही आजची नाही. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी सुरू झालेली होती. मुंबईचे विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते. ते पेशाने डॉक्टर आणि हौसेने फोटोग्राफर. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

आता आम्ही कुठे चुकलो ते सांगते. तुम्ही सुरुवात करताय म्हणून ते जास्त महत्त्वाचं आहे.

पहिले दोन महिने आम्ही मतदान घेत होतो. सगळ्यांचे फोटो ठेवायचे, प्रत्येकाने एकाला मत द्यायचं, आठवड्याचा विजेता जाहीर. मजा यायची. पण आठव्या आठवड्यापर्यंत सगळे एकसारखेच फोटो काढायला लागले: सुरकुतलेल्या चेहऱ्याचे आजोबा, हसरं पोर, रंकाळा तलावावरचा सूर्यास्त. कारण मतं त्यांनाच पडत होती. विषय 'रिकामी जागा' होता त्या वेळीसुद्धा तीन आजोबा आले! आम्ही मतदान बंद केलं, आणि माझं मत अगदी ठाम आहे: तुमच्याकडे कोणी मतदान सुचवलं तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा. लाईक मोजणं हाही त्याचाच प्रकार.

दुसरी चूक माझी स्वतःची. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे काकाच म्हणतात. थंडीत ते सलग अकरा दिवस पहाटे उठून रंकाळ्यावर गेले आणि उगवत्या सूर्याचा एक फोटो पाठवला. मी म्हटलं, "छान आहे, पण पोस्टकार्डासारखा वाटतो." त्यावर ते काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोटो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर मी फोन केला. मला वाटलं होतं ते दुखावले असतील. ते म्हणाले, "तू म्हणालीस ते बरोबरच होतं गं. पण मग मी काय करायचं, ते कळलं नाही."

मला तोपर्यंत वाटत होतं की अभिप्राय खरा असला आणि सौम्य शब्दांत असला की झालं. काकांना मी जे सांगितलं ते खरं होतं, आणि ते घेऊन त्यांना पुढे एक पाऊलही टाकता येत नव्हतं. त्या शनिवारी आम्ही दोघं रंकाळ्यावर गेलो. मी विचारलं, "काका, तुम्हाला इथे नेमकं काय आवडलं होतं?" ते म्हणाले, "पाण्यावरची वाफ." त्यांच्या फोटोत वाफ जवळजवळ दिसतच नव्हती. सूर्य होता, केशरी आभाळ होतं, आणि वाफ त्या उजळ आभाळातच विरून गेली होती.

वाफ किंवा धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. उजेड त्यांच्या मागून येत असेल तर ते चमकतात, पण चमकलेले दिसायला त्यांच्यामागे काहीतरी काळं लागतं. चहाच्या कपावरची वाफ पांढऱ्या भिंतीसमोर दिसत नाही, काळ्या दारासमोर दिसते, तसंच. मग आम्ही काठाने चालत राहिलो, सूर्य समोर पण झाडांच्या आड जाईल आणि पाण्यामागे झाडांची काळी रांग येईल अशी जागा मिळेपर्यंत. काकांनी मोबाईलच्या पडद्यावर त्या काळ्या भागाजवळ बोट दाबून धरलं, फोकस तिथे पक्का केला आणि मग बोट खाली सरकवून उजेड कमी केला. या वेळी सूर्य चौकटीत नव्हताच. नुसती वाफ, आणि तिच्यातून जाणारा एक बगळा. काका कितीतरी वेळ तो फोटो मोठा करकरून बघत होते.

त्यानंतर आम्ही बोलण्याची एक रीत ठरवली, ती अजून पाळतो. ज्याचा फोटो, त्याने आधी गप्प बसायचं, काही समजावून सांगायचं नाही. बाकीच्यांनी पहिल्यांदा फक्त एवढंच सांगायचं, की नजर आधी कुठे गेली आणि कुठे अडली. चांगलं-वाईट नंतर. मग फोटो काढणाऱ्याने सांगायचं, मला काय दाखवायचं होतं. या दोहोंत अंतर असेल तर ते कसं मिटवता येईल, याबद्दल प्रत्येकाने एक सूचना द्यायची, आणि ती पुढच्या आठवड्यात हाताने करता येईल अशी हवी. 'जवळ जा', 'खाली बस', 'डावीकडची लाल बादली चौकटीबाहेर ठेव', 'संध्याकाळी पुन्हा जा'. 'अजून फील यायला हवा' ही सूचना नाही, आणि 'अप्रतिम!' हा अभिप्राय नाही. नुसतं कौतुक ऐकून माणूस खूश होतो, पण दुसऱ्या दिवशी तोच फोटो पुन्हा काढतो.

एका फोटोला सात-आठ मिनिटं तरी लागतात. म्हणजे नऊ जणांचा तास-सव्वा तास सहज जातो. आठ ही तुमची संख्या चांगली आहे. हौसेने वीस जण घेतलेत तर शेवटच्या दहा फोटोंवर कोणी काही बोलणार नाही.

प्रत्येकाने एकच फोटो पाठवायचा, आणि तो त्याच आठवड्यात काढलेला हवा. जुन्या फोटोंतला विषयाला जुळणारा शोधून पाठवायचा मोह होतो, आम्हालाही झाला. पण मग आठवडाभर डोळे उघडे ठेवून हिंडणं होतच नाही, आणि या सगळ्यातला अर्धा फायदा तिथेच आहे. चाळीसातून एक निवडायलाही शिकावं लागतं. मी अजून बऱ्याचदा चुकीचा निवडते. ज्याच्यासाठी जास्त कष्ट पडले तो फोटो आपल्याला चांगला वाटतो. बघणाऱ्याला कष्ट दिसत नाहीत, फोटो दिसतो.

विषयांबद्दल थोडं. 'निसर्ग', 'संस्कृती' असले ढगळ विषय घेऊ नका, त्यात सगळंच बसतं. 'पिवळा', 'पाठमोरा', 'वाट बघणं', 'गाठ' असे घ्या. 'वाट बघणं' होता तेव्हा नवातले चौघे एसटी स्टँडवर गेले, आणि चौघांचे फोटो अदलाबदल केले तरी कळलं नसतं. पाचवी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेली. तिथे समोर म्हशीची धार काढून धारोष्ण दूध देतात. तिने म्हैस घेतली नाही, फेसाळलेला ग्लासही घेतला नाही. घेतला तो एका लहान मुलाचा हात, आणि त्या हातातला रिकामा ग्लास. पहिलं सुचेल ते सोडून द्यायला मी तिच्याकडून शिकले.

नोव्हेंबरात अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या आठवड्यात आम्ही 'किरण' विषय ठेवतो. ९, १० आणि ११ तारखेला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. गाभाऱ्यात फोटो काढता येत नाही, त्यामुळे विषय अवघडच असतो. गेल्या वर्षीचा सगळ्यांच्या लक्षात राहिलेला फोटो आमच्या नर्सताईंचा: एक फुलवाली हातातलं काम टाकून, देवळाकडे पाठ करून, कपाळावर हात धरून पश्चिमेला बघतेय, ढग आडवे येताहेत का म्हणून. किरण फोटोत कुठेच नाहीत.

मोबाईलची काळजी करू नका. फोटो काढण्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा, खिशातली धूळ आणि बोटांचं तेल सगळा उजेड पसरवून टाकतं. झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा. 'वेग'सारखा विषय आला तर तिन्हीसांजेला शहर बस (आमच्याकडे केएमटी) जाताना मोबाईल तिच्याबरोबर फिरवत फोटो काढा. उजेड कमी असला की मोबाईल शटर आपोआप सावकाश ठेवतो, बस त्यातल्या त्यात स्पष्ट येते आणि मागची दुकानं ओढल्यासारखी दिसतात. वीस वेळा फसेल, एकविसाव्या वेळी जमेल. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसून जातो आणि मग लोक तुमच्या फोटोवर नाही, त्या आकसलेपणावर बोलत बसतात.

अनोळखी माणसाचा फोटो काढलात तर त्याला दाखवा, आणि लहान मुलाचा असेल तर आईवडिलांना आधी विचारा. कोणी नको म्हटलं तर तो पुसून टाका, कितीही चांगला आला असला तरी. आमच्यात याला अपवाद नाही.

टीका सहन होईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पहिले तीन-चार रविवार जड जातील. मला तर घरी येऊन रडूही आलं होतं एकदा. म्हणून सुरुवातीला स्वतःच्या फोटोपेक्षा दुसऱ्याच्या फोटोकडे जास्त लक्ष द्या. त्याच्या फोटोत नजर कुठे अडते ते नेमक्या शब्दांत सांगायची सवय लागली, की महिन्याभरात तेच शब्द फोटो काढतानाच कानात वाजायला लागतात, बटण दाबायच्या आधी. माझ्या फोटोतली ती लाल बादली अशीच चौकटीबाहेर गेली.

पहिल्या आठवड्यासाठी विषय सुचत नसेल तर 'उंबरठा' घ्या. तो प्रत्येकाच्या घरात असतो, त्यासाठी कुठे जावं लागत नाही. आत अंधार आणि बाहेर ऊन, त्यामुळे मोबाईलला कुठला उजेड धरायला लावायचा हे तुम्हालाच ठरवावं लागतं. सकाळी आठला एकदा बघा आणि संध्याकाळी पाचला एकदा, कारण उजेड एका वेळी आत येत असतो आणि दुसऱ्या वेळी नसतो. आठ घरांचे आठ उंबरठे रविवारी शेजारी ठेवलेत, की बोलायला काय आहे हा प्रश्न कोणी विचारणार नाही.