चेक : शह, चौकडी आणि बँक

प्रश्न : शर्टावर चेक्स, बँकेत चेक, आमच्याकडे चेकनाका, बुद्धिबळातही चेक. हा शब्द एकच की वेगवेगळे? बँकेच्या चेकचे स्पेलिंग निराळे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : शब्द एकच. मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. अरबी, लॅटिन आणि जुनी फ्रेंच अशा वाटेने तो इंग्रजीत ‘चेक’ झाला. आपला ‘शह’ही त्याच मुळाचा.

शह बसला की मनासारखी चाल करता येत नाही. म्हणून इंग्रजीत ‘अडवणे, आवर घालणे’ हा अर्थ आधी रुजला, ‘तपासणे’ मागाहून आला. हे ध्यानात नसले की ‘कीप इन चेक’चे भाषांतर ‘तपासत राहणे’ असे होते. ते साफ चूक. अर्थ ‘आटोक्यात ठेवणे’. तुमच्या नाक्यावर मात्र गाडी अडवतातही आणि तपासतातही!

कापडावरच्या चौकड्या बुद्धिबळाच्या पटावरून आल्या. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब चौकड्यांचे कापड अंथरलेल्या टेबलावर सोंगट्या मांडून होई. त्यावरून तिथल्या खजिन्याचे नाव ‘एक्सचेकर’.

बँकेतला अर्थ अठराव्या शतकातला. ‘चेक’ म्हणजे आधी स्थळप्रत, म्हणजे पडताळणीसाठी मागे ठेवलेला भाग, लबाडीला आळा घालणारी. पुढे ते नाव मुख्य कागदालाच मिळाले. ‘क्यू’चे स्पेलिंग (cheque) ‘एक्सचेकर’च्या (exchequer) वळणाने आले. अमेरिकेत सगळीकडे ‘सीके’च (check), अगदी हॉटेलच्या बिलालाही. चेक-हुंड्यांविषयीच्या आपल्या १८८१च्या कायद्यात (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) ‘क्यू’ आहे, तेव्हा बँकेच्या चेकपुरता तोच लिहावा, इतरत्र ‘सीके’.

आळा घालण्याचे काम चेकवर आजही चालते, ते नीट करावे. वर डाव्या कोपऱ्यात दोन समांतर तिरक्या रेघा मारून मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहा. मग रोख मिळत नाही, पैसे खात्यातच जमा होतात. अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेत रेघ ओढा, नाहीतर तिथे शब्द घुसडता येतो. क्लिअरिंग, म्हणजे बँकांमधली चेकची वटवणूक, चेकच्या प्रतिमेवरून होते, त्यामुळे नावात किंवा रकमेत खाडाखोड असली की शेजारी सही करूनही चेक परत येतो. नवा चेक फाडणे बरे. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो भरायला हवा. तळाच्या पांढऱ्या पट्टीतले पहिले सहा आकडे चेकचा नंबर. पुढच्या नऊ आकड्यांतले पहिले तीन शहराचे, मुंबईचे ४००.