बोअर मारू नका, आधी फिरवून आणा

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची १९८६ सालची बुलेट ३५० आहे. डिसेंबरअखेर मी आणि एक मित्र तिच्यावरून सांगलीहून विजापूर, बदामी करत हंपीला जाणार आहोत. रोज कामावर तीच नेतो. थोडा निळसर धूर देते, बाकी तक्रार नाही. आमचे मिस्त्री म्हणतात, एवढ्या लांब जायचं तर बोअर मारून नवा पिस्टन टाकूनच जा. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कोल्हापुरात उद्यमनगरात बोअर मारून देणं, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कातून किंचित मोठा करणं, हे माझं रोजचं काम. म्हणजे तुमच्या मिस्त्रींची री ओढणंच माझ्या फायद्याचं. तरी सांगतो, निघायच्या तोंडावर इंजिन उघडू नका.

नवा बोअर आणि नव्या रिंगा एकमेकांवर घासून बसायला वेळ घेतात. पहिले ५०० किलोमीटर पन्नासच्या आत आणि पुढे २००० पर्यंत हात राखून चालवावं लागतं. जत ओलांडलं की मोकळा रस्ता, मागे मित्र, बाजूला पिशव्या. तिथं पन्नासनं जायचा धीर कुणाला असतो? सिलिंडर ओतीव लोखंडाचा, पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापला की पिस्टन जास्त फुगतो. नव्या घट्ट बोअरमध्ये त्यानं धरलं की मागचं चाक जागच्या जागी लॉक. जुना सैल पिस्टन धूर सोडेल, तेल पिईल, पण हंपीला पोचवील.

अर्थात ‘थोडा’ धूर म्हणजे किती, ते बघितलं पाहिजे. डी-कॉम्प (सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडणारा खटका) न दाबता किकवर सावकाश उभे राहा. दोन-तीन सेकंद किकनं तुमचं वजन पेललं तर कॉम्प्रेशन शाबूत आहे. लगेच खाली गेली तर बोअरला दोष देण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बघा, ते घट्ट असले की व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. थंड इंजिनावर पुशरॉड (टॅपेटवरची उभी दांडी) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. मग एखाद्या रविवारी मित्राला मागे बसवून, सगळं सामान बांधून जोतिबाला जाऊन या. सामानासकट म्हणतोय, रिकाम्या गाडीची चाचणी काही कामाची नाही. येऊन तेल बघा. चहाच्या कपाएवढं उतरलं असेल तर लिटरभराचा डबा सोबत घ्या, विषय संपला. पण डोंगर चढताना खालून ठक-ठक असा जड आवाज आला तर बिग एंडचं, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं, बेअरिंग गेलंय. मग हंपी रद्द. इथं माझं आणि तुमच्या मिस्त्रींचं एकमत होईल.

तेल बघण्यात बहुतेक जण फसतात. बुलेटचं तेल इंजिनाच्या पोटातच एका वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं काही झिरपून क्रँकच्या बाजूला जातं. सकाळी तेल मोजायची पट्टी काढली की तेल कमी दिसतं. माणूस घाबरतो, वरून ओततो. मग गाडी सुरू झाली की जास्तीचं तेल ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातली हवा सोडणाऱ्या) नळीतून बाहेर, आणि गळतीची बोंब. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि लगेच पट्टी बघा. तेल २०-डब्ल्यू-५०. दर दोन तासांनी थांबाल तेव्हा एकदा नजर टाकायची.

आता वेगाचं. गाडी ३४६ सीसीची, पिस्टनचा व्यास ७० मिलिमीटर आणि फेरा ९० मिलिमीटर. एकच मोठा पिस्टन एवढं अंतर वर-खाली करतो आणि त्याचा तोल सांभाळायला दुसरा पिस्टन नाही. ६० वरून ८० वर गेलात तर वेग तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो, पण पिस्टनचा झटका वाढतो जवळजवळ पावणेदोन पटीनं, कारण तो वेगाच्या वर्गाच्या हिशेबात वाढतो. नंबर प्लेट तुटते, हेडलाइटचा बल्ब जातो, सायलेन्सरचा नट रस्त्यात पडतो, ते सगळं त्या वरच्या वीस किलोमीटरमध्ये. मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया उभी राहिली तेव्हाचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. हे इंजिन त्या काळचं. ६०-६५ ला चौथ्या गिअरमध्ये ते स्वतःहून स्थिर धडधडतं, तुम्हाला ऐकूच येईल. तिथंच ठेवा. कंटेनर पुढं जातात, जाऊ देत.

सामान फार नको. क्लचची नवी वायर जुन्या वायरच्या शेजारून आधीच ओढून ठेवा, दोन्ही टोकं चिकटपट्टीनं बांधा. तुटली की फक्त टोकं जोडायची. अ‍ॅक्सिलरेटरची वायर, प्लग, पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणारा खटका) सेट, त्याच्या जोडीचा कंडेन्सर, चेनचं लॉक, ट्यूब, चार स्पोक, तांब्याचे वॉशर, फ्यूज आणि बांधणीची तार. पाने मात्र तुमच्या गाडीवर लावून पाहिलेलेच घ्या. जुन्या बुलेटला ब्रिटिश मापाचे नट असतात, मधल्या काळात कुणी मेट्रिक बसवलेले असतात. त्या खिचडीत दुकानातला नवा कोरा पाना-संच निम्मा बिनकामाचा ठरतो. पेट्रोलची रबरी नळी बदलून टाका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरतं. शिवाय हवा-पेट्रोलचं मिश्रण किंचित पातळ होतं. प्लग पांढराफटक दिसला तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकायला सांगा.

एका दिवसात हंपी गाठू नका. पहिला मुक्काम विजापूर, दुसरा बदामी, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हंपी. विजापूर सोडल्यावर कोल्हारला कृष्णेचा लांब पूल लागतो. तिथलं दही प्रसिद्ध आहे. तेवढ्यात इंजिन निवतं आणि नटांवरून पाना फिरवून होतो.

*

प्रश्न : आंबा घाट चढताना माझी बुलेट निम्म्यात गचके खात बंद पडते. वीस मिनिटं थांबलं की एका किकमध्ये सुरू. कार्बोरेटर दोनदा साफ केला. उपयोग नाही.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कार्बोरेटरला सोडा बिचाऱ्याला. बंद पडल्या पडल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं भोक बुजलंय. पावसात झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावायची सवय कोकणात पुष्कळांना असते. पेट्रोल उतरतं, हवा आत येत नाही, आणि वीस मिनिटांत ती कुठून तरी हळूहळू शिरते म्हणून गाडी पुन्हा चालते.

झाकणानं फरक पडला नाही तर पॉइंटचं झाकण काढा, कुणाला तरी किक मारायला सांगा आणि पॉइंटकडे बघा. तिथं मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला. तो तापला की दगा देतो, निवला की शहाण्यासारखा वागतो. पॉइंटवर शांत, पण प्लगलाही ठिणगी नाही, तर संशय कॉइलवर. कंडेन्सर स्वस्त आहे, आधी तो बदला आणि पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. त्यासाठी फीलर गेज घ्या, लग्नपत्रिकेचा तुकडा नको.

आणि साखरपा सोडल्यावर चौथ्यातच ओढत बसता का? गाडी ओढते म्हणून बरेच जण ओढू देतात. हळू वेगात जास्त जोर म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा कमी. तिसऱ्यात घ्या.

*

प्रश्न : मामांनी त्यांची जुनी बुलेट मला दिली. आंबोलीमार्गे गोव्याला न्यायची इच्छा आहे, पण किक उलटी मारते म्हणून भीती वाटते. माझी उंची पाच फूट दोन इंच.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, उंचीचा प्रश्न नाही, काट्याचा आहे. किल्ली चालू करा आणि हेडलाइटवरच्या अँमीटरच्या (करंट दाखवणाऱ्या मीटरच्या) काट्याकडे बघत किक हळूहळू दाबा. किक घट्ट होईल. डी-कॉम्प दाबून थोडी पुढं ढकला. काटा मध्यावर आला की थांबा, डी-कॉम्प सोडा, किक वर येऊ द्या. मग एक पूर्ण लांब किक, शेवटपर्यंत. अर्धवट मारली की उलटते. एवढं करूनही पाय झटकत असेल तर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढं गेलंय किंवा पॉइंटमागची अ‍ॅडव्हान्सची वजनं अडकलीत. ते दुरुस्त होईपर्यंत किकला पाय लावू नका.

गोव्याआधी महिनाभर मोकळ्या मैदानात चालवा. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. पहिला वर, बाकीचे तिन्ही खाली. डोकं लवकर शिकतं, पण कुत्रं आडवं आलं की पाय जुन्या सवयीनंच जातो. आंबोली उतरताना तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात राहा, ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले की तापून निकामी होतात. आणि निघायच्या आधी आरसी बघा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. मामांनी ते केलंय का, आणि गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे का, हे त्यांना आजच विचारा. आरटीओचं काम आठवड्यात होत नाही.