वाचकांचे प्रश्न : राज्याविना राजा

प्रश्न : ‘द हॉबिट’मधील बुटक्यांचा म्होरक्या थोरिन ओकनशील्ड याचे राज्य तर ड्रॅगनने आधीच बळकावले होते, मग तो राजा कसला?

उत्तर : टॉल्किन यांच्या १९३७ च्या या कादंबरीतील थोरिनने उभे आयुष्य वारसदार म्हणूनच काढले, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. टॉल्किन यांच्याच कालगणनेनुसार तिसऱ्या युगातील २७७० साली स्मॉग या ड्रॅगनने एरेबोर हे बुटक्यांचे डोंगरातील राज्य गिळंकृत केले, तेव्हा तो अवघा २४ वर्षांचा, म्हणजे बुटक्यांच्या हिशेबाने पोरगाच होता. पुढे २७९९ च्या लढाईत ढाल फुटताच त्याने कुऱ्हाडीने ओकची फांदी तोडून डाव्या हातात धरली आणि तिच्यावरच शत्रूचे वार झेलले. त्यावरून त्याला ‘ओकनशील्ड’ (ओकची ढाल) हे उपनाम मिळाले. नंतरची कित्येक दशके निळ्या पर्वतांत लोहारकाम आणि व्यापार यांत गेली. २९४१ मध्ये स्मॉग मेल्यावर गादी मिळाली खरी, पण आर्केनस्टोन या रत्नाच्या हव्यासाने आणि (माझ्या मते त्याहूनही अधिक) दुखावलेल्या कुलाभिमानाने त्याने स्मॉगला मारणाऱ्या बार्ड या माणसाचा खजिन्यातील न्याय्य वाटा नाकारला. लवकरच तो लढाईत जबर जखमी झाला, मृत्युशय्येवर त्याने कादंबरीचा नायक, हॉबिट बिल्बो याला उद्देशलेले कठोर शब्द मागे घेतले, आणि गादी त्याचा भाऊबंद डाइन याच्याकडे गेली.