घर खेडला आहे म्हणून पगार कमी?

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. (रसायनशास्त्र) आहे. लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये चार वर्षं ठेकेदारामार्फत काम करतो. ओव्हरटाइम धरून हातात २३,५०० येतात. आता कंपनी पर्मनंट करतेय, सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ३ लाख ६० हजार. मी थोडे वाढवा म्हटलं तर एचआरचे साहेब म्हणाले, ‘तुझं घर खेडलाच, भाडं नाही, आणखी कशाला हवेत?’ घरचे म्हणतात, मुकाट सही कर. जास्त ताणलं तर ऑफर जाईल का? – एक वाचक, खेड

उत्तर : नाही जाणार. माझी सगळी नोकरी कारखान्यांच्या कार्मिक विभागात गेली. चार वर्षं पारखलेल्या माणसाला कायम करायचं म्हणजे वरून मंजुरी आलेली असते. एकदा नीट शब्दांत आकडा मागितला म्हणून कोणी फाइल बंद करत नाही.

पण आधी पगाराचा ब्रेकअप लेखी मागा. ३,६०,००० भागिले १२ म्हणजे महिना ३०,०००, असं घरी सांगून पेढे वाटू नका. मूळ पगार १५,००० धरून बघू. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीपोटी साधारण ७२०. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,२५०. बहुतेक कंपन्या हे तिन्ही सीटीसीतच धरतात. उरले २६,२३०. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २४,२३०. वाढ झाली ७३० रुपयांची! बोनस दिवाळीत येईल, पीएफ साठेल, हे खरं. ग्रॅच्युइटीला मात्र नोकरीची सलग पाच वर्षं लागतात, आणि ठेकेदाराकडची चार कंपनी आपणहून त्यात धरणार नाही.

शिवाय तुमच्या आजच्या पगारात ओव्हरटाइम आहे. कामगाराला त्याचा दर कायद्याने दुप्पट. ऑफर लेटरवर ‘ऑफिसर’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलं असेल तर तो बहुधा बंद होईल, सेकंड शिफ्टचा माणूस आला नाही की थांबणं मात्र चालूच. पदाचं नाव काय आणि ओव्हरटाइमचं काय, हे स्पष्ट विचारा.

आता ते घराचं. हे पालुपद मी कोकणातल्या कारखान्यांत फार ऐकलंय आणि मला त्याची चीड आहे. घर तुमच्या वडिलांनी बांधलं, त्याचं भाडं कंपनीने का वाचवावं? बाहेरून आणलेला केमिस्ट लोट्यात दोन पावसाळे काढतो आणि पुण्यात नोकरी मिळाली की बॅग भरतो. मग एचपीएलसीवर (नमुने तपासायच्या यंत्रावर) बसायला माणूस शोधत फिरतात. तुम्ही टिकणार आहात, याचीच किंमत मागा. गणपतीत सगळे स्थानिक एकदम रजा टाकतात, ही एचआरची जुनी डोकेदुखी. रजा आळीपाळीने घेऊ, असं तुम्हीच म्हणालात तर साहेब निम्मे विरघळतील.

आकडा सांगताना सीटीसीचं नाव काढू नका. ‘हातात २७,००० पडावेत’ एवढंच म्हणा. २६,००० वर तुटलं तरी घ्या. अजिबात हलले नाहीत तर प्रोबेशन माफ करा म्हणा, सहा महिन्यांनी पगार पुन्हा बघण्याचं लिहून घ्या, आई-वडिलांसह मेडिक्लेम मागा. सध्या ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापला जात असेल तर मेडिक्लेम सोडूच नका, कारण ओव्हरटाइम सोडून पगार २१,००० च्या वर गेला की ते कवच जातं. जे ठरेल ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये यायला हवं. तोंडी कबूल करणारे साहेब उद्या गुजरातेतल्या दहेजच्या प्लांटला बदलून गेले तर नव्या साहेबांना काय दाखवाल?

आणि ठेकेदाराकडचा राजीनामा देण्याआधी पीएफचं पासबुक उघडून चारही वर्षांचे हप्ते महिनावार तपासा. नव्या ठिकाणी जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या. एखादा महिना भरलेला नसेल तर आत्ताच भरून घ्या, एकदा तुम्ही पर्मनंट झालात की ठेकेदार फोन उचलत नाही.