नॅनोतंत्रज्ञानाच्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमाला अर्ज करताना

दारव्हा, वरुडसारख्या तालुक्यांतून अर्ज करणाऱ्यांनी प्रथम हे समजून घ्यावे, की युरोपीय संघाच्या पाठबळाने अनेक विद्यापीठे मिळून चालवत असलेल्या या दोन वर्षांच्या, १२० क्रेडिटच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यापीठाचे काम वेगळे आहे. समन्वय बेल्जियममधील के. यू. लुव्हेन विद्यापीठाकडे आहे. पहिले वर्ष तेथेच होते आणि चिप संशोधनासाठी जगभर ओळखली जाणारी आयमेक ही संस्थाही त्याच शहरात आहे. दुसरे वर्ष मात्र जर्मनीतील ड्रेस्डेन, फ्रान्समधील ग्रेनोबल किंवा स्वीडनमधील गोथेनबर्गच्या चाल्मर्ससारख्या भागीदार विद्यापीठात जाते, आणि प्रबंधही त्याच वर्षी लिहायचा असल्याने तुमची खरी निवड तेथील प्रयोगशाळांची आहे. म्हणून शहराच्या नावावर भुलू नका. त्या विभागातील प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचा आणि आपल्या हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) त्यांचा नेमका संदर्भ द्या. तीन वर्षांची बी.एस्सी. पात्र ठरते का, हे समन्वयक कार्यालयाला लेखी विचारून घ्यावे, तर्क करू नये.

आपल्याकडे खरा वेळ कागदपत्रांतच जातो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे, असे हमखास आढळते. ते आधी दुरुस्त करावे आणि अमरावती विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळवण्याचा अर्ज दिवाळीपूर्वीच टाकावा.