प्रकरणाच्या डोक्यावरची ओळ

तुझी यंत्रमागावरची प्रकरणं वाचली. रात्रपाळी फार जिवंत उतरलीय. पण दर प्रकरणाच्या डोक्यावर अभंग कशाला? बरेचसे काढून टाक. पुढे काय घडणार ते आधीच सांगून मोकळे होतात.

मारिओ पुझोची ‘द गॉडफादर’ (१९६९) उघडून बघ. सुरुवातीला फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या नावावर एक वाक्य आहे: प्रत्येक मोठ्या संपत्तीमागे गुन्हा असतो. त्या ओळीनं टोळीची गोष्ट एकदम सगळ्या प्रतिष्ठित घराण्यांपर्यंत पोचते. पुझोला मध्येच भाष्य करत बसावं लागत नाही. मात्र बाल्झाकनं ‘ल पेर गोरियो’ या कादंबरीत लिहिलंय ते वेगळं आहे. तिथं बोलणं फक्त अशा संपत्तीबद्दल आहे, जिचं उघड कारण दिसत नाही; तिच्यामागचा गुन्हा सफाईनं केला म्हणून विसरला गेलाय. केवढा फरक पडला! म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरची ओळ उचलू नकोस. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जा, छापील गाथा काढ, पाठ ताडून घे.

चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ मात्र ठेवायलाच हवा. त्यांचं मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यातलं. फक्त त्याची जागा चुकलीय. कामगाराच्या अपमानाआधी तो नुसता खुलासा वाटतो. मालकाच्या दुकानात चादरींच्या घड्या उलगडतात, त्या प्रकरणावर लाव. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ तिथं गिऱ्हाइकालाही लागू पडेल आणि मालकालाही. बदल करून पाठव, मी लगेच वाचतो.